पांढरी बोटं, निळी नखं

फ्रीजरमधून मटारची पिशवी काढून ओट्यावर ठेवायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात एखाद्या बाईच्या तर्जनीचा आणि मधल्या बोटाचा रंग जातो. तो हळूहळू फिका होत नाही. मधल्या पेराच्या आसपास स्पष्ट रेघ उमटते. रेघेच्या अलीकडे बोट नेहमीसारखं, पलीकडे पांढरंफटक. त्या पांढऱ्या भागाला चिमटा काढला तरी नीट कळत नाही. काही मिनिटांनी पांढऱ्याचं निळसर-जांभळं होतं, नखं काळपट दिसू लागतात. हात काखेत धरले किंवा कोमट पाण्यात बुडवले की रक्त धावून येतं, बोटं लालबुंद होतात, ठणकतात, मुंग्यांनी भरून जातात. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉक्टरांना दाखवायला काही शिल्लकच राहत नाही.

आणि दवाखान्यात जातो तरी कोण? घरातच निदान होऊन जातं. ‘अंगात रक्त कमी आहे’, ‘वाताचा त्रास आहे’, ‘हिची प्रकृतीच थंड’. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात, तिळाचं तेल चोळलं जातं, सुंठीचा काढा होतो. रक्त कमी असेल तर तळवे कायमच फिके दिसतात. रेघ मारल्यासारखं बोट अर्ध्यातून पांढरं होऊन पाव तासात परत लाल होत नाही. हा रक्ताच्या कमतरतेचा नव्हे, रक्तवाहिनीच्या वागण्याचा प्रश्न आहे. वैद्यकात त्याला रेनॉचा विकार म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांमध्ये तो आढळतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि बहुतेकदा पंधरा ते तीस या वयात सुरू होणारा.

यातल्या बहुतेकांना त्रास होतो, पण धोका नसतो. मात्र काहींच्या बाबतीत हाच पांढरेपणा एका गंभीर आजाराची पहिली खूण असतो आणि तो आजार उघडा पडायला पुढे अनेक वर्षं लागतात. आणखी काहींची बोटं त्यांच्या कामाने, हातातल्या यंत्राने अशी केलेली असतात. तिन्हींचा रंग एकच. त्यांना वेगळं ओळखणं फार अवघड नाही, फार खर्चिकही नाही. तरी ते वेळेवर होत नाही, ही या विकाराची खरी खंत आहे.

ज्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो ते मॉरिस रेनॉ पॅरिसचे. जन्म १८३४चा. १८६२ साली, तिशी गाठायच्या आत, त्यांनी दोन प्रबंध पूर्ण केले. एक वाङ्मयाचा: फ्रेंच नाटककार मोलिएरच्या काळातल्या वैद्यांवर. दुसरा वैद्यकाचा: हातापायांच्या टोकांना रक्त न पोहोचण्यावर आणि दोन्ही बाजूंना सारख्याच होणाऱ्या गँग्रीनवर. या दुसऱ्या प्रबंधात २५ रुग्णांच्या हकिकती आहेत. थंडीत बोट मेल्यासारखं होणाऱ्या स्त्रियांपासून बोटांची टोकं काळी पडून झडलेल्यांपर्यंत सगळे त्यांनी एकाच धाग्यात ओवले. त्यांचं म्हणणं असं, की दोष बोटांत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहे. तिथून रक्तवाहिन्यांना जाणारे हुकूम अतिरेकी असतात, म्हणून वाहिन्या आवळतात. १८७४मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं. यावेळी तर झटका आलेल्या रुग्णाच्या डोळ्यात पाहून पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कशा दिसतात याची नोंद केली, आणि कण्यावरून विजेचा सौम्य प्रवाह सोडून उपचारही करून पाहिले. १८८१ साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. १८८८मध्ये लंडनच्या टॉमस बार्लो यांनी त्यांचं लेखन इंग्रजीत आणलं आणि नाव जगभर झालं.

रेनॉंचं निरीक्षण बारीक होतं, यात शंका नाही. पण सौम्य आणि भयंकर अशा दोन टोकांना एकत्र बांधल्यामुळे पुढची कितीतरी वर्षं गोंधळ माजला. ज्यांची बोटं फक्त थंडीत पांढरी पडायची त्यांनाही गँग्रीनची भीती घातली जाऊ लागली, आणि ज्यांना खरोखर काही गंभीर होतं त्यांच्या आजाराचं मूळ शोधायचं राहून गेलं. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्रहाने मांडलं की हा एक रोग नव्हे, अनेक कारणांनी दिसणारं एक लक्षण आहे. त्यामुळे आजही डॉक्टर अशी विभागणी करतात: ज्यामागे दुसरं काही नाही तो प्राथमिक रेनॉ, आणि ज्यामागे दुसरा आजार, औषध किंवा काम आहे तो दुय्यम रेनॉ.

मज्जारज्जूच्या सिद्धान्ताला धक्का दिला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या सर टॉमस लुईस यांनी. १९२९च्या सुमारास त्यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. हुकूम वरून येत असेल तर बोटाकडे जाणारी नस बधिर केल्यावर झटका थांबायला हवा. त्यांनी नस बधिर केली. बोट पांढरंच राहिलं. म्हणजे दोष बोटातल्या वाहिनीतच आहे, थंडीला ती स्वतःच जास्त आवळते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच काळात अनेक शल्यविशारद रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करत होते. त्यांच्या रुग्णांना, विशेषतः हातांना, आराम पडायचा, पण पुष्कळदा तो टिकायचा नाही. लुईस यांचा प्रयोग त्याचं कारणच सांगत होता.

या वादाचा उलगडा समजून घ्यायचा तर बोटांकडे आधी शरीराच्या नजरेतून पाहायला हवं. बोटांची टोकं, कान, नाक या शरीरातली उष्णता बाहेर टाकायच्या जागा. तिथे त्वचेखाली धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या आखूड वाहिन्यांचं दाट जाळं असतं. उकाड्यात त्या सताड उघडतात. थंडीत त्या मिटतात, म्हणजे रक्त पोटात, छातीत राहतं आणि हृदय, मेंदू गरम राहतात. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. रेनॉच्या माणसात तेच प्रमाणाबाहेर होतं. पांढरा रंग म्हणजे रक्त आत आलेलंच नाही. निळा म्हणजे आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपत आलाय. लाल म्हणजे वाहिन्या एकदम उघडून रक्ताचा लोंढा आलाय. प्रत्येकाला तिन्ही रंग दिसतातच असं नाही. कुणाचं पांढऱ्यावर भागतं, कुणाला निळाच जास्त दिसतो.

मग थंडीनेच हे का व्हावं? अमेरिकेतल्या निकोलस फ्लावाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या आसपास याचं एक सुंदर उत्तर दिलं. त्वचेतल्या बारीक धमन्यांच्या स्नायुपेशींत एक विशिष्ट ग्राही प्रथिन असतं. ताण किंवा थंडीचा संदेश आणणारं नॉरॲड्रेनलिन त्याला चिकटलं की वाहिनी आवळते. शरीराच्या नेहमीच्या ३७ अंश तापमानाला हे प्रथिन पेशीच्या आत निष्क्रिय पडून असतं. पेशी २८ अंशांपर्यंत थंड केल्या की ते आतून निघून पेशीच्या पृष्ठभागावर येतं, आणि तोच संदेश मग कितीतरी जोराने ऐकू येतो. म्हणजे रेनॉही थोडे बरोबर होते, लुईसही. संदेश वरूनच येतो, पण त्याचं किती मनावर घ्यायचं हे बोटातली वाहिनी ठरवते. २०२३मध्ये लंडन आणि बर्लिनच्या संशोधकांनी ब्रिटनच्या बायोबँकेतल्या सुमारे ४ लाख ४० हजार लोकांच्या जनुकीय नोंदी तपासल्या. त्यांत रेनॉ असलेले ५ हजारांहून अधिक होते. दोन जनुकं ठळकपणे पुढे आली. त्यांतलं एक याच कुटुंबातल्या ग्राही प्रथिनाचं, पण फ्लावाहन यांनी अभ्यासलेल्याचं नव्हे, त्याच्या भावंडाचं! विकार घराण्यात चालत येतो हे आई-मुलींच्या हातांवरून दिसत होतंच. आता त्याचा पत्ता लागू लागलाय.

‘पण आपल्याकडे कुठे एवढी थंडी?’ हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. इथे गैरसमज आहे. झटका यायला बर्फ पडावा लागत नाही. तापमानात अचानक झालेली घट पुरते. बाहेर ३४ अंशांचा उकाडा आणि आत २० अंशांवर लावलेला एसी, असा मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांतला रोजचा फरक पुरतो. डिसेंबरात पहाटे नाशिक किंवा महाबळेश्वरकडे दुचाकीवर निघालेल्याच्या हँडलवरच्या मुठी पुरतात. टाकीच्या गार पाण्यात भांडी घासणं, आइस्क्रीमच्या दुकानात फ्रीजरमध्ये हात घालणं, ससून डॉकवर बर्फातली कोलंबी सोलणं, हे तर थेट हातांवरचं काम. थंडीशिवाय मनावरचा ताणही चालतो. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या मुलीची बोटं भर मे महिन्यात पांढरी पडू शकतात. आणि शिकायला टोरांटो किंवा म्युनिकला गेलेल्या मुलामुलींपैकी काहींना आपल्याला असं काही आहे हे तिथल्या पहिल्या हिवाळ्यातच कळतं.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. वैद्यकीय पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या हातांचे असतात. सावळ्या, गव्हाळ हातावर तो खडूसारखा पांढरा रंग तसा दिसत नाही. बोट राखाडी, पिवळट, निस्तेज भासतं. म्हणून नखांखाली आणि तळव्याच्या बाजूला पाहावं, तिथे फरक कळतो. झटका आला की मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना झटका प्रत्यक्ष पाहायला मिळणं विरळाच. अशा वेळी दोन-तीन चांगले फोटो निम्मं निदान करून टाकतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरनेही अशा लोकांना घाबरवलं असेल. गारठलेल्या बोटात रक्तच फिरत नसेल तर यंत्र आकडा दाखवत नाही किंवा चुकीचा दाखवतं. बोट ऊबदार करून पुन्हा मोजलं की खरं काय ते कळतं.

प्राथमिक रेनॉची ओळख बरीचशी हकिकतीतूनच पटते. तरुण वय, दोन्ही हातांना सारखाच त्रास, अंगठा बहुधा सुटलेला, जखमा नाहीत, बाकी तब्येत ठणठणीत. याउलट चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, एकाच हाताला किंवा एखाद्याच बोटाला होणारा, बोटांच्या टोकाला बऱ्या न होणाऱ्या बारीक जखमा किंवा खळगे ठेवणारा, पुरुषाला झालेला, दिवसेंदिवस वाढत जाणारा: यातलं काहीही असेल तर मागे दुसरं काही आहे असं धरून चालावं आणि संधिवाततज्ज्ञांना गाठावं. थंडीत बोटं सुजून दिवसचे दिवस लाल-जांभळी राहतात, खाजतात, तो प्रकार निराळा. तसंच हातपाय कायमच निळसर, ओलसर पण न दुखणारे, तेही वेगळं.

संधिवाततज्ज्ञ दोन गोष्टी पाहतात. एक रक्ताची तपासणी, ज्यात शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. दुसरी तपासणी पाहण्यासारखी असते. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी नखावर येते, तिथे तेलाचा एक थेंब टाकतात आणि भिंगातून पाहतात. तेलामुळे कातडी पारदर्शक भासते आणि आतल्या केशवाहिन्या दिसू लागतात. निरोगी हातात त्या केसांच्या आकड्यांसारख्या एका ओळीत, एका मापाच्या उभ्या असतात. कातडी घट्ट करत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराची सुरुवात असेल तर ती ओळ मोडलेली दिसते: काही आकडे कित्येक पट फुगलेले, आसपास रक्ताचे बारीक ठिपके, आणि मध्ये मोकळी पटांगणं, जिथल्या वाहिन्या नाहीशाच झाल्यात. सुई नाही, वेदना नाही. शरीराच्या आतला आजार उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याच्या फार थोड्या जागा आहेत. त्यांतली ही एक, आणि तीही हाताशी.

या दोन तपासण्यांचं मोल किती, हे मॉंट्रियलच्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून कळतं. केवळ रेनॉ असलेल्या, दुसरा कसलाच आजार नसलेल्या ५८६ जणांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. काहींवर वीस वर्षं. एकंदरीत साडेबारा टक्क्यांच्या आसपास लोकांना पुढे स्क्लेरोडर्मा झाला. पण ज्यांच्या केशवाहिन्याही बिघडलेल्या होत्या आणि रक्तात स्क्लेरोडर्माची विशिष्ट प्रतिपिंडंही होती, त्यांच्यातल्या जवळपास ८० टक्के लोकांना तो झाला. दोन्ही निर्दोष असलेल्यांमध्ये हे प्रमाण होतं १.८ टक्के. एका बाजूला मनावरचं ओझं उतरवणारा आकडा, दुसऱ्या बाजूला वेळेत जागं करणारा.

स्क्लेरोडर्मा म्हणजे कातडी आणि आतले अवयव घट्ट, चिवट होत जाणारा आजार. तो विरळा आहे, पण तो झालेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना रेनॉचा त्रास असतो, आणि पुष्कळदा तोच सगळ्यात आधी येतो. कधी काही महिने, कधी अनेक वर्षं आधी. त्या मधल्या काळात शरीर लहानसहान खुणा देत राहतं. सकाळी बोटं फुगल्यासारखी वाटतात. लग्नातली अंगठी निघेनाशी होते. नेहमीच्या मापाच्या बांगड्या कासार भरू लागला की हातावरून सरकत नाहीत, आणि ‘हात जाड झाला’ म्हणून मोठं माप दिलं जातं. छातीत जळजळतं, कोरडा घास गिळताना अडकतो. जिना चढताना धाप लागू लागते. प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे जाते. जळजळीसाठी ॲसिडिटीची गोळी, धापेसाठी अशक्तपणाचं टॉनिक. ‘थंडीत तुमची बोटं पांढरी पडतात का?’ हा एक प्रश्न कुणी विचारला तर हे सगळे धागे एकत्र येतात. आजारामुळे फुप्फुसं कडक होणं, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढणं, मूत्रपिंडं अचानक बिघडणं यांवर आज नजर ठेवता येते, औषधं देता येतात. पण त्यासाठी आजार आहे हे आधी माहीत असावं लागतं. ल्युपससारख्या आणखी काही आजारांतही रेनॉ दिसतो.

या आजाराची एक जुनी हकिकत कामगारांकडे घेऊन जाते. १९१४ साली एडिंबराच्या बायरम ब्रॅमवेल यांनी स्क्लेरोडर्माचे काही रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यांत पाथरवट चकित व्हावं इतके जास्त होते. थंडीत गार लोखंडी छिन्नी धरून धरून असं होत असावं, हा त्यांचा तर्क. १९५७मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांतही तेच दिसलं आणि संशय दगडाच्या धुळीकडे, सिलिकाकडे वळला. आज सिलिकाच्या धुळीचा आणि स्क्लेरोडर्माचा संबंध मान्य झालेला आहे. आपल्याकडच्या खडी क्रशरवर, दगडाच्या खाणींत काम करणाऱ्यांच्या छातीचा एक्स-रे काढताना त्यांचे हातही पाहिले पाहिजेत, ते यासाठी.

पाथरवटांच्या हातांवर दुसरं संकट आलं ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याचं. १९१८च्या हिवाळ्यात ॲलिस हॅमिल्टन ही डॉक्टर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड इथे गेली. तिथल्या चुनखडीच्या दगडाने अमेरिकेतल्या कितीतरी नामांकित इमारती उभ्या राहिल्या. पुढे न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंगही त्यानेच मढवली. हाताने टाकी मारण्याच्या जागी मिनिटाला हजारो ठोके देणारा हातोडा आला होता, आणि माणसांची बोटं पांढरी पडू लागली होती. हॅमिल्टन मुद्दाम थंडीत गेली, म्हणजे झटके डोळ्यांनी पाहता येतील. पहाटेच्या गारठ्यात कारागीर तिला बोटं दाखवायचे: रक्तहीन, आखडलेली, रंग गेलेला भाग रेघ ओढल्यासारखा तुटक. डाव्या हाताने छिन्नी घट्ट दाबून धरायची म्हणून डावा हात जास्त बिघडलेला. कोटाची बटणं लावता येत नव्हती. तपासलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांना हा त्रास होता. पुढच्याच वर्षी, १९१९ला, हॅमिल्टन हार्वर्डमध्ये शिकवणारी पहिली स्त्री झाली. पण बेडफर्डमध्ये काय बदललं? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधक पुन्हा त्याच गावात गेले, आणि साठेक वर्षांनंतरही, त्याच जातीचा हातोडा वापरणाऱ्या कारागिरांत, प्रमाण जवळपास तेवढंच निघालं.

हा भाग वाचताना राग आल्याशिवाय राहत नाही. कारण कळलं होतं, पुरावा छापला गेला होता, आणि उपायही उघड होता: कंप कमी करणारी यंत्रं, मध्ये विश्रांती, ऊबदार हातमोजे, कामाच्या तासांवर मर्यादा. ब्रिटनने पांढऱ्या बोटांच्या या आजाराला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली ती १९८५मध्ये. तिथल्या कोळसा खाणकामगारांना वरिष्ठ न्यायालयात न्याय मिळाला १९९८ साली, आणि त्यातून भरपाईची एक प्रचंड योजना उभी राहिली. २००२मध्ये युरोपने हातांना बसणाऱ्या कंपाची आठ तासांची कमाल मर्यादा घालून दिली.

रस्ते फोडणारे ब्रेकर, ग्राइंडर, दगड कापायची यंत्रं आपल्याकडे कमी नाहीत. पण उष्ण हवामानात कंपाने झालेली इजा बरेचदा पांढऱ्या बोटांच्या रूपात दिसतच नाही. बधिरपणा येतो, रात्री हातांना मुंग्या येऊन झोपमोड होते, पकड सैल होते, नाणं बोटांत धरता येत नाही. रंग बदलत नाही म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि वय झालं, नस दबली, एवढ्यावर विषय संपतो. हात मात्र आतून तसेच खराब होत असतात. ब्रेकर चालवणाऱ्या माणसाला त्याच्या हातांबद्दल दोन प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही.

तंबाखूचा हिशेब इथे स्पष्ट मांडायला हवा. निकोटीन वाहिन्या आवळतं, मग ते सिगारेटमधून येवो, विडीतून, गायछापच्या चिमटीतून किंवा सकाळ-संध्याकाळ लावलेल्या मिश्रीतून. तरुण, भरपूर विड्या ओढणाऱ्या पुरुषांमध्ये बर्जर नावाचा आजार होतो. लिओ बर्जर यांनी १९०८मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं तपशीलवार वर्णन केलं. पायांच्या बोटांपासून सुरुवात होते, रंग बदलतो, चालताना पोटऱ्या किंवा तळवे दुखतात, मग न भरणारी जखम. तंबाखू पूर्ण सुटली तर बहुतेकांचा आजार थांबतो. चालू राहिली तर एकेक बोट आणि पुढे पायही जातो. कमी करून भागत नाही.

काही औषधंही हा त्रास आणतात किंवा वाढवतात. रक्तदाबासाठी, अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरण्यासाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर, अर्धशिशीवरचं अरगोटामिन, सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, कर्करोगावरची ब्लिओमायसिन, सिस्प्लॅटिनसारखी औषधं. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नये. पण बोटांचा रंग गोळी सुरू झाल्यावर बदलू लागला असेल तर डॉक्टरांना सांगावं. बहुतेक वेळा दुसरा पर्याय असतो.

एका त्रासाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रेनॉचा झटका स्तनाग्रांनाही येऊ शकतो. बाळाला पाजून झाल्यावर स्तनाग्र पांढरं, मग निळसर होतं आणि असह्य कळ येते. बुरशीचा संसर्ग समजून मलमांवर मलमं लावली जातात, आणि शेवटी कितीतरी आया ‘मला पाजणं जमत नाही’ म्हणून वरचं दूध सुरू करतात. पाजून झाल्याबरोबर स्तन झाकून ऊब देणं, वाऱ्याचा झोत अंगावर न घेणं, याने पुष्कळ फरक पडतो. त्याने भागलं नाही तर औषधही आहे. बाळंतिणीने हे सांगायला लाजू नये, आणि सांगितलं तर घरच्यांनी तिचं ऐकावं.

उपचार सुरू होतात अंगापासून, हातांपासून नव्हे. नुसते हातमोजे घालून पोट-छाती गार राहिली तर शरीर बोटांचं रक्त आत खेचणारच. म्हणून आधी अंगात बंडी किंवा स्वेटर, गळ्याला रुमाल, कानटोपी. मग मोजे आणि हातमोजे. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारा हातमोजा जास्त ऊब धरतो. फ्रीजमधून काही काढताना हातात कापड घ्यावं. झटका आलाच तर हात काखेत, किंवा कोमट पाण्यात. शेगडीवर, गॅसवर हात धरू नयेत, उकळत्या पाण्याची पिशवी लावू नये. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि भाजल्यावर ती जखम भरायला फार वेळ घेते.

एवढ्याने जमलं नाही तर निफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन ही रक्तदाबावरची, वाहिन्या सैल करणारी, स्वस्त औषधं देतात. २००० साली अमेरिकेत ३१३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत निफेडिपिनने झटके खोट्या गोळीच्या तुलनेत दोन तृतीयांशांनी कमी झाले. त्याच चाचणीत मनाच्या जोरावर बोटांचं तापमान वाढवायला शिकवणारी, त्या काळी लोकप्रिय असलेली पद्धत मात्र फोल ठरली. डोकं दुखणं, पाय सुजणं, चक्कर येणं हे या गोळ्यांचे त्रास. मुळात रक्तदाब कमी असलेल्या सडपातळ मुलींना ते जास्त जाणवतात. म्हणून कित्येक जण ती फक्त हिवाळ्यापुरती घेतात. त्यापुढे सिल्डेनाफिल आहे, आणि स्क्लेरोडर्मातल्या बोटांना पुन्हा पुन्हा जखमा होऊ नयेत म्हणून बोसेंटन. २०२३च्या जनुकीय संशोधनानंतर मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाचं नाव पुढे आलंय, कारण ते नेमकं त्याच ग्राही प्रथिनाला अडवतं. ते उपयोगी पडतं का हे चाचण्यांतूनच कळेल.

एका बाबतीत मात्र वाट पाहणं परवडत नाही. ऊब देऊनही बोट तासाभरात पूर्ववत झालं नाही, वेदना वाढतच गेली, टोकाला काळा ठिपका किंवा जखम दिसली, किंवा एकच पाय अचानक गार आणि पांढरा पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. तिथे वाहिन्या उघडणारं इलोप्रॉस्ट शिरेतून, बहुधा काही दिवस रोज कित्येक तास, हळूहळू देता येतं. गुठळी अडकली असेल तर ती काढता येते. दोन्ही उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी बोट वाचण्याची शक्यता जास्त.